मन मोकळं केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

आमच्या पेठेत माणसाला तोंड दोनदा मिळतं, एकदा जन्मताना आणि एकदा फ्लेक्सवर. पहिलं कसंही असलं तरी खपून जातं. दुसऱ्याला गॉगल लागतो, गळ्यात चेन लागते आणि मागं डरकाळी फोडणारा वाघ लागतो. वाढदिवस असो, दहावी पास असो, नवी गाडी असो, चौकात दहा बाय वीसचा फ्लेक्स लागलाच पाहिजे. गेल्या साली एका म्हशीनं स्पर्धेत नंबर काढला तर तिचाही लागला, आणि खरं सांगते, त्या वर्षातला तो एकच फोटो बिनगॉगलचा होता.

मी राजमती मगदूम. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पेठेतलं शेंबडं पोरसुद्धा मला सिस्टरच म्हणतं. माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

शिवांश गेला तेव्हाही फ्लेक्स लागला. एकवीस वर्षांचं पोर, आपला जीव आपणच संपवून गेलं. फोटो कुठला लावायचा यावर मंडळात चर्चा झाली आणि वाढदिवसाचाच लावायचं ठरलं, कारण तो फ्लेक्स छापणाऱ्या 'मोना डिजिटल'च्या कॉम्प्युटरात तयार होता. मागचे फुगे तेवढे पुसले. घाईत एक राहिला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या वर, डाव्या कोपऱ्यात, तो लाल फुगा तेरा दिवस तसाच होता आणि शिवांशची आई शिवलीला रोज त्याच्याखालून दूध आणायला जात होती. मला त्या फुग्याचा इतका राग आला की शिडी मागवून मी स्वतःच चढणार होते, पण गुडघे नाही म्हणाले.

महिनाभरानं धडाडी तरुण मंडळाची तालमीत बैठक झाली. अध्यक्ष राजवीर. वय बत्तीस, दंड एवढाले, आणि गळा असा की माइक बंद पडला तरी पलीकडच्या गल्लीत भाषण पोचावं. या राजवीरकडं जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. ताप आला, जोर मार. नोकरी गेली, जोर मार. पोरीनं नकार दिला, शंभर जोर मार. "घाम गेला की इचार जातोय," असं तो म्हणायचा. माणूस वाईट नाही. महापुरात त्यानं माझ्या सासूबाईंना पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातनं बाहेर काढलं होतं. त्यामुळं त्याच्यावरचा माझा राग फार वेळ टिकत नाही, आणि याचा तो फायदा घेतो.

"पलीकडच्या मंडळानं दातांचं शिबिर घेतलं," राजवीर बैठकीत म्हणाला. "आपुन मनाचं घ्यायचं. दात बत्तीसच असत्यात, मनाला लिमिट न्हाय. शिवांशसारखं दुसरं पोरगं आपल्या पेठंतनं जाता कामा न्हाय. हाय का कबूल?"

पोरं ओरडली, "हाय!"

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज जरा चिरकला. मला वाटलं, सकाळपासून घोषणा देऊन घसा बसला असेल.

असं आमचं 'युवा मन मोकळं केंद्र' निघालं. समुपदेशक म्हणून मी आदितीला आणली. ही माझ्या कबनूरच्या चुलतभावाची मुलगी, मानसशास्त्रात एम. ए. झालेली, बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. बुधवारी आणि शनिवारी ती एसटीनं यायची. उद्घाटनाला हलगी होती, घुमकं होतं, तिच्या डोक्याला भगवा फेटा बांधला होता आणि तो सारखा डोळ्यांवर येत होता. 'ऐकून घेण्याचं महत्त्व' या विषयावर अकरा जण बोलले. आदितीला शेवटी तीन मिनिटं मिळाली, त्यातलं दीड मिनिट माइक कुई कुई करत होता.

केंद्राची मांडणी राजवीरनं स्वतः केली. तालमीच्या दारातच टेबल, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावं. टेबलामागं आदिती, आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून स्वतः अध्यक्ष. का, तर "पोरास्नी धीर नको?" भिंतीवर बोर्ड, 'मर्दा, रडू नको, बोल!' आणि दर अर्ध्या तासाला लाउडस्पीकरवरून पुकारा, "ज्या ज्या युवकांचं मन भरून आलं असंल त्यांनी तालमीशी त्वरित संपर्क साधावा." मला रजिस्टर दिलं होतं. त्यात रकाने होते, नाव, वडिलांचं नाव, वय, मोबाईल आणि 'दुःखाचे स्वरूप'. शेवटचा रकाना अध्यक्षांच्या डोक्यातून आलेला.

दोन आठवड्यांत तिघं आले. एकाला गुडघ्याचं तेल पाहिजे होतं. दुसऱ्याला जातीच्या दाखल्याचा फॉर्म पाहिजे होता. तिसऱ्या बाई होत्या, त्यांनी आदितीची उंची, शिक्षण आणि गोत्र विचारून घेतलं आणि पुतण्याचा फोटो टेबलावर ठेवून गेल्या.

"आत्या," आदिती मला म्हणाली, "इथं कोण येणार? दार तरी लावू द्या."

मी राजवीरला सांगितलं. तो म्हणाला, "दार लावून? सिस्टर, लोक काय म्हणत्याल? आणि आपल्याकडं लपवायचं काय हाय? मन मोकळं म्हणल्यावर दारबी मोकळं पायजे की!"

तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी दुपारी, माझं मागचं दार वाजलं. दारात तेजस्वी. हा रेवणसिद्ध शेट्यांचा मुलगा. शेट्यांचा चटणी कुटायचा डंक माझ्या मागच्या बोळात आहे, दिवसभर त्याची धडधड आणि मिरचीचा ठसका आमच्या घरात असतोच. पोरगा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. शाळेपासून शिवांशच्या बाकावर बसणारा, त्याच्या गाडीवर कायम मागं असणारा. दोन महिन्यांत गालफडं बसली होती.

"सिस्टर, झोपंची गोळी हाय काय?" तो म्हणाला. "जरा जास्तच द्या. सारखं सारखं मागाय नको."

एकतीस वर्षांत हे वाक्य मी चारदा ऐकलंय, आणि त्यातल्या दोघांची नावं मला अजून पाठ आहेत. अशा वेळी आडून विचारायचं नसतं.

"तेजस्वी, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का?"

तो डंकाचा आवाज ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "शिवांश गेल्यापास्नं येतंय."

त्याला आत घेतलं, चहा केला, समोर बसले. तालमीत आदिती आहे, चल, म्हटलं, तर तो उठूनच उभा राहिला.

"तिथं पाय ठेवला की सगळ्या पेठंला कळंल. दानेश्वरीचं गडहिंग्लजला जमालंय. पावणं पुढल्या म्हैन्यात बैठकीला येणारायत. भाऊ येडा हाय म्हणून मोडलं तर बहिणीचं वाटोळं, आणि आई जन्मभर सोताला दोष देत बसंल. सिस्टर, तुम्हाला म्हणून सांगितलं. बाहेर गेलं तर माझं संपलंच म्हणून समजा."

शेवटचं वाक्य त्यानं इतकं साधेपणानं म्हटलं की मला त्याचा शब्दन् शब्द खरा वाटला.

मग मला गंगावेशीतला दूधकट्टा आठवला. संध्याकाळी तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, आणि निम्मं कोल्हापूर ओठावर पांढऱ्या मिशा घेऊन उभं असतं. आदिती परतीची एसटी पकडायच्या आधी तिथं ग्लासभर दूध प्यायचीच. कट्ट्यावर कोण कुणाशेजारी बसलंय याची कुणाला पडलेली नसते, सगळ्यांचं लक्ष म्हशीकडं. त्या संध्याकाळी मी तेजस्वीला तिच्या शेजारी नेऊन बसवला आणि मी धारा काढणाऱ्याशी म्हशीच्या चाऱ्यावर तासभर बोलत उभी राहिले. चाऱ्यातलं मला काडीचं कळत नाही.

आदितीनं त्याच्याकडून एक कबूल करून घेतलं, घरात एका तरी माणसाला सांगायचं. त्यानं दानेश्वरीला सांगितलं. पोरगी शहाणी, रडली नाही, त्याच आठवड्यात त्याच्याबरोबर डॉक्टरांकडं गेली आणि औषधं स्वतःच्या पेटीत ठेवायला लागली. दर बुधवारी कट्टा ठरला. तिसऱ्या बुधवारी तेजस्वी म्हणाला, "आज दुधात पानी हाय." आदितीनं माझ्याकडं बघितलं आणि मला जवळजवळ हसूच फुटलं. इतक्या दिवसांत त्या पोराला पहिल्यांदा कशाचीतरी चव लागली होती.

आणि मग मी गाढवपणा केला. सरकारी नोकरीची सवय. लस टोचली, लिही. पट्टी बांधली, लिही. काम केलं आणि कागदावर आलं नाही, तर रात्रभर मला ते खुपत राहतं. मी रजिस्टर उघडलं आणि सुबक अक्षरात लिहिलं, तेजस्वी रेवणसिद्ध शेटे, वय बावीस, झोप न येणे. लिहून रजिस्टर तालमीच्या टेबलाच्या खणात ठेवलं. खणाला कुलूप नाही, हे मला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी राजवीर ते रजिस्टर छातीशी धरून माझ्या दारात. चेहरा असा फुललेला की मला वाटलं त्याचं लग्न ठरलं.

"सिस्टर! आपल्याला लाभार्थी मिळाला की! सांगितलं न्हाईसा ते!"

रविवारी मुंबईहून कुणी मोठे पाहुणे केंद्र बघायला येणार होते. राजवीरनं त्यांना शब्द दिला होता की लाभार्थी युवक स्टेजवर असेल. दहा दिवस तो लाभार्थी शोधत होता. आता शाल, श्रीफळ, फेटा, सगळं ठरलं होतं आणि चौकातला फ्लेक्ससुद्धा छपाईला गेला होता. मजकूर त्यानं मला उभ्या उभ्या म्हणून दाखवला. 'मन मोकळं केल्याबद्दल चि. तेजस्वी रेवणसिद्ध शेटे यांचे हार्दिक अभिनंदन!'

मी खाली बसले. मग उठले आणि माझ्या आयुष्यात मी कुणाला बोलले नसेन तेवढं राजवीरला बोलले. तो गोंधळून उभा. चोर पकडला तर तो तोंड लपवतो, या माणसाला आपण चोरी केलीय हेच कळत नव्हतं.

"पर सिस्टर, अपमान कसला त्यात? सत्कार हाय की! धाडस केलंय पोरानं. त्याच्या बापाला अभिमान वाटंल."

"त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं रे बाबा."

"म्हणूनच की! लाजतंय पोरगं. एकदा फ्लेक्स लागला की लाज जाती. माझीबी तशीच गेलती."

"राजवीर, तो फ्लेक्स लागला तर तेजस्वी आपल्या हाताला लागणार नाही. शिवांशसारखं होईल. कळतंय का तुला मी काय म्हणतेय?"

शिवांशचं नाव निघाल्यावर तो मान खाली घालून पायानं फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "अभिनंदनला इचारा. छापला नसंल तर बघा. मी पावण्यास्नी काय सांगू पर?" आणि गेला.

अभिनंदन हा 'मोना डिजिटल'चा मालक. मोना त्याची मुलगी. मी धापा टाकत दुकानात पोचले तेव्हा पडद्यावर तेजस्वी होता. कुणाच्या तरी लग्नातला फोटो, त्याला वरून गॉगल चढवलेला, मागं उगवता सूर्य, वाघ आणि खाली ठळक अक्षरांत 'दुःखाचे स्वरूप: झोप न येणे'. रजिस्टरातला रकाना जसाच्या तसा.

"काढ तो फोटो," मी म्हटलं.

"सिस्टर, जमत न्हाय," अभिनंदन म्हणाला. "छापायचा हाय अजून, शनवारी रात्री छापणार. पर फ्लेक्सवरचा मानूस काढायचा नसतोय. दोन सालापूर्वी एकाला काढला, तर माझी काच फुटली आणि दोन मंडळांत डोकी फुटली. तवापास्नं आपला नियम हाय. वाढवा किती वाढवायची ती. काढायचं न्हाय. अध्यक्षांनी जरी सांगितलं तरी न्हाय."

या नियमाला मी आधी मनात शिव्या घातल्या. वाढवा किती वाढवायची ती, हे वाक्य घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात घोळत होतं.

संध्याकाळी तेजस्वी कामावरून आला तेव्हा मी त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. माझ्या हातून लिहिलं गेलं, माझी चूक, हेही सांगितलं. माझ्या निम्म्याहून कमी वयाच्या पोरापुढं मी हात जोडले, तेव्हा मला माझीच फार लाज वाटली.

"म्हंजे झालंच की मग," तो म्हणाला. "मी जातो चंदगडला, मामाकडं."

"रविवारपर्यंत कुठंही जायचं नाहीस. दानेश्वरीला विचारल्याशिवाय गल्लीबाहेर पाऊल टाकायचं नाहीस. मला दोन दिवस दे. शनिवारी सगळ्यांबरोबर रांगेत येऊन उभा राहा."

"कसल्या रांगंत?"

रांग अजून नव्हती. ती मी रात्री जेवण झाल्यावर केली. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढंच टाकलं, 'रविवारच्या भव्य फ्लेक्सवर मन मोकळं केलेल्या सर्व युवकांचे फोटो येणार आहेत. अट एकच. शनिवारी तालमीत समुपदेशकांसमोर दहा मिनिटं एकट्यानं बसायचं. न बसलेल्यांचा फोटो येणार नाही. सिस्टर.'

पाच मिनिटांत ग्रुप पेटला. दुसऱ्यांचे फोटो येणार आणि आपला नाही? वर्गणी मागायला कोण फिरतं, मिरवणुकीत गाडी कोण ढकलतं? मोठा फोटो कुणाचा, वरच्या ओळीत कोण, गॉगल चालेल का, बुलेटसकट चालेल का? एकानं विचारलं, 'दुःख नसंल तर चालतंय काय?' मी लिहिलं, 'बसल्यावर बघू.'

शनिवारी सकाळी नऊला तालमीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत रांग. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून, केसांना पाणी लावून. तेजस्वी मधे कुठंतरी उभा होता, खाली मान घालून. त्याच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता, सगळे आपापला फोटो मोबाईलवर निवडत होते. मी एक हट्ट पुरा करून घेतला. आदितीला दारातनं उठवून मागच्या खोलीत बसवली, जिथं जुन्या गाद्या आणि लेझीम ठेवतात, आणि दार लावून बाहेर मी स्टूल टाकलं. राजवीर धीर द्यायला आत निघाला होता, त्याला रांगेवर लक्ष ठेवायला पाठवलं.

पहिला हसत आत गेला आणि दहाव्या मिनिटाला हसत बाहेर आला. "काय न्हाय रे, नुस्तं बोलायचं असतंय." दुसरा आठ मिनिटांत. तिसऱ्यानं बाहेर येऊन विचारलं, "फोटो कुठं द्यायचा?" चौथा आत गेला तो चाळीस मिनिटं बाहेर आलाच नाही. रांगेतून शिट्ट्या झाल्या. आला तो सरळ नळावर गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. "आत धूळ लई हाय," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. त्यानंतर दिवसभर त्या खोलीत फार धूळ झाली. अंगानं रेड्यासारखी पोरं, बाहेर येऊन डोळे चोळत होती आणि एकमेकांना सांगत होती, धूळ, धूळ. निदान गाद्या तरी झटका, असं मला कुणी म्हणालं नाही. दुपारनंतर रांगेतली चेष्टा आपोआप कमी झाली. एकानं पुढच्याला आपला नंबर दिला, "तू जा आधी, तुला गरज हाय."

तेजस्वीचा नंबर एकविसावा होता. तो आत गेला, पंधरा मिनिटांनी बाहेर आला. कुणी मान वर करूनही बघितलं नाही. माझ्या जवळून जाताना म्हणाला, "सिस्टर, आत खरंच धूळ हाय." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस जण झाले. आदितीचा आवाज बसला होता, तिनं नऊ नावं वेगळ्या कागदावर लिहून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती. या नऊ जणांना पुन्हा भेटावं लागेल, एवढंच मला म्हणाली. नावं मी विचारली नाहीत. एवढी अक्कल मला आली होती.

राजवीर खुशीत होता. "त्रेचाळीस! पलीकडच्यांचं दातांना एकोणचाळीसच होतं." मग त्यानं शर्टाची कॉलर सरळ केली. "आता मी. अध्यक्षाचा फोटो नसंल तर फ्लेक्स कसला? दहाच मिनिटं, सिस्टर. अभिनंदनला फोन लावून ठेवा."

तो आत गेला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पोरं घरी गेली. अभिनंदनचा दोनदा फोन येऊन गेला, छपाई खोळंबलीय म्हणून. पाऊण तासानं आतून एक आवाज आला आणि मी स्टुलावरून उठलेच. एवढा मोठा गळा रडायला लागला तर कसा आवाज येतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाहेर आला तेव्हा त्यानं धुळीचं नाव काढलं नाही. माझ्या समोर जमिनीवर बसला.

"सिस्टर, माझा फोटो नको घालाय."

"बरं."

"शिवांश आलता माझ्याकडं. त्या दिवशी, दुपारी." तो लेझीमच्या ढिगाकडं बघत बोलत होता. "म्हणाला, दादा, जरा बोलायचं हाय. मी म्हणालो, शंभर जोर मार, मग बोलू. मारलं त्यानं. पुरं शंभर. मीच मोजलं. उठला, घाम पुसला, आणि उभा राहिला. मला तेवढ्यात फोन आला, मिरवणुकीच्या डॉल्बीचा. मी बोटानं खुणावलं, थांब म्हणून. पंधरा मिनिटं बोलत हुतो मी. वळून बघितलं तर गेलता."

तुझा दोष नाही, असं म्हणायला पाहिजे होतं, नर्स असताना मी ते हजारदा म्हटलंय. त्या वेळी जीभ उचलली नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं तसेच बसून राहिलो, आणि अभिनंदनचा फोन वाजत राहिला.

रविवारी फ्लेक्स लागला. त्रेचाळीस तोंडं, गॉगलसकट. तेजस्वी तिसऱ्या ओळीत, एका बुलेटच्या आणि एका वाघाच्या मधे. दुःखाचे स्वरूप मी गाळायला लावलं, कारण तो मजकूर होता, माणूस नव्हता, आणि मजकूर काढायला अभिनंदनच्या नियमाची आडकाठी नव्हती. पाहुण्यांनी लाभार्थ्यांना स्टेजवर बोलावलं, तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जण चढले आणि स्टेजची एक फळी मोडली. पाहुणे सावरत म्हणाले, या पेठेत इतकं दुःख असेल असं वाटलं नव्हतं. रेवणसिद्ध शेटे चटणीनं लाल झालेल्या हातांनी फ्लेक्सखाली उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते, "ते बघा, आमचं. तिसऱ्या वळीतलं." गडहिंग्लजच्या पाहुण्यांना त्यांनी तो फोटो मोबाईलवर पाठवला. पोरगा मंडळात वजन ठेवून आहे, असं तिकडून उत्तर आलं.

चर्चा झाली ती एकाच गोष्टीची. अध्यक्षाचा फोटो नसलेला फ्लेक्स पेठेनं कधी बघितला नव्हता. पलीकडचं मंडळ म्हणालं, धडाडीत फूट पडली. कुणी म्हणालं, राजवीरला काढला. राजवीर सगळं ऐकत होता आणि कुणालाही काही उत्तर देत नव्हता. सोमवारी सकाळी मी ते रजिस्टर बंबात घातलं आणि त्या पाण्यानं अंघोळ केली.

बुधवारी संध्याकाळी दूधकट्ट्यावर गेले. बाकावर आदिती आणि तेजस्वी बोलत बसले होते, हातातल्या दुधाचा फेस बसून गेला होता. पलीकडं, काळ्या म्हशीच्या आडोशाला, राजवीर उभा होता. टोपी खाली ओढलेली, हातात ग्लास, कुणी ओळखू नये म्हणून भिंतीकडं तोंड. एवढा माणूस म्हशीमागंही मावत नव्हता.

तेजस्वीनं त्याला बघितलं आणि गडबडीनं उठायला लागला. "बसा की दादा. माझं काय, उठतोच मी."

राजवीरच्या खिशात फोन वाजत होता. त्यानं तो न बघताच बंद केला.

"बस, बस," तो म्हणाला, आणि मला त्याचा आवाज इतका हळू निघू शकतो हे माहीत नव्हतं. "तुझं होऊ दे सगळं. मी थांबतोय हितंच."